अकोल्याची ऐकणारी

कमलाकांत देवपुजारीने अकोल्यात दुसरं घर केलंय, ही बातमी अमरावतीत पहिल्यांदा कोणी आणली ते मी सांगणार नाही. मी ती फक्त पुढे सांगितली. सांगताना थोडी सजवली, एवढा गुन्हा कबूल.

पण पुरावा मजबूत होता हो! महिन्याच्या पहिल्या रविवारी हा एकाहत्तर वर्षांचा निवृत्त रसायनशास्त्राचा मास्तर गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीने अकोल्याला जायचा. पिशवीत सांबारवडीचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीर भरलेल्या वड्यांचा, डबा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच डब्यात झेंडूची फुलं. आता अशा माणसाबद्दल गावाने समजायचं तरी काय?

एकदा मी त्याच्या बायकोलाच खोचून विचारलं, "काय विमलवहिनी, या रविवारी स्वारी अकोल्याला वाटतं?"

त्या वड्याच तळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ द्या हो भगवंतराव. निदान तिथं कोणी त्यांचं ऐकून तर घेतं."

आणि ऐकणं हाच सगळा मामला होता. आमचा एक संघ आहे, विज्ञानाबद्दल लिहिणाऱ्यांचा आणि त्यांचं लिहिणं सुधारणाऱ्या संपादकांचा. अमरावती-अकोल्याचे मिळून सव्वीस सभासद. बैठकीला येतात अकरा, त्यातले चार चहा आल्यावर. संघ दर महिन्याला एक छोटा अंक काढतो, कमलाकांत त्याचा संपादक. संघाच्या नियमांत पहिल्या दिवसापासून एक कलम आहे: प्रत्येक लेख छापण्याआधी त्या विषयाचा गंध नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, तो थांबवेल तिथे दुरुस्ती करायची आणि लेखाखाली त्याचं नाव 'ऐकणारा' म्हणून छापायचं.

बहुतेकांनी बायकोचं नाव टाकून हे कलम पाळलं. मी माझ्या मेहुण्याचं टाकायचो. तो दुबईत असतो. कमलाकांतला मात्र बायको चालली नाही. म्हणे, "विमल प्रत्येक वाक्याला हो हो म्हणते."

त्याची ऐकणारी त्याला चौदा वर्षांपूर्वी अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात सापडली. संघाच्या टेबलाशी तो एकटाच लोकांना झेंडूवरच्या किडीचा लेख वाचून दाखवत होता. फुलांचा मळा असलेली एक बाई गर्दीतून पुढे आली.

"थांबा मास्तर. पानाच्या मांगं कीड रायते म्हणता. तुमी पान पालथं करून पायलं काय कधी?"

कमलाकांतने प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही."

"मंग लिवलं काहून?"

ही पार्बताबाई. दुसऱ्याच रविवारी तो तिच्या मळ्यात पानं पालथी करत होता. तेव्हापासून त्याच्या लेखांखाली तिचं नाव छापून येऊ लागलं. तिने अडवलेले परिच्छेद आम्ही बैठकीत चवीने ऐकायचो. शंका आली की कमलाकांत दुसऱ्यांचे लेखही तिला ऐकवायचा; एका डॉक्टरेटवाल्याचा अख्खा लेख तिने "यायनं हे सोता पायलं काय?" एवढ्याने पाडला होता. तो अजून माझ्याशी बोलत नाही, कारण ती बातमीही मीच फिरवली.

गेल्या वर्षी स्वानंद अध्यक्ष झाला. पोरगा हुशार, फक्त घाई फार. पंचविसाव्या वर्षाचा विशेष अंक तोंडावर आला तेव्हा त्याने बैठकीत ठराव टाकला की ऐकणाऱ्याचं कलम काढून टाकावं. "काका, सगळ्यांचे ऐकणारे खोटे आहेत. ही पार्बताबाई तरी कोणी पाहिली आहे?"

कमलाकांत एवढंच म्हणाला, "कलम जाईल त्या दिवशी मीही संपादक नाही."

स्वानंद माझ्याकडे वळला. "भगवंतकाका, तुम्हीच जाऊन पाहून या. बातम्या आणायची तुम्हाला सवय आहे." सगळे हसले. खरं सांगतो, मी आनंदाने तयार झालो. चौदा वर्षांची अफवा आणि तिकीट संघाचं!

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कमलाकांतबरोबरच निघालो. मळा अकोल्याच्या बाहेर. बाजेवर पार्बताबाई झेंडूचे हार ओवत बसली होती. कमलाकांतला पाहून तिचा चेहरा खुलला. तिने डबा उघडला, वडी खाल्ली, "वयनीच्या हातची हाय," म्हणाली. मग त्याने विशेष अंकासाठीच्या आपल्या लेखाचे कागद काढले आणि वाचायला लागला. एक परिच्छेद झाला की थांबायचा, तिच्याकडे पाहायचा. ती सुई थांबवून हसायची.

"हो मास्तर. बराबर हाय."

पुन्हा परिच्छेद. पुन्हा तो थांबला, या वेळी जास्त वेळ. पुन्हा "बराबर हाय." बारा वेळा असं झालं. मी कमलाकांतकडे पाहत होतो. परीक्षेचा निकाल लागेल म्हणून फलकासमोर उभ्या राहिलेल्या पोरासारखा तो प्रत्येक वेळी तिच्या हाताकडे बघायचा. पूर्वी थांबवताना ती हात वर करायची म्हणे. हात सुईवरून हलला नाही.

तिची सून वर्षाली चहा घेऊन आली. मला हळूच म्हणाली, "दोन वर्सं झाले, आईले कायीच ऐकू येत नाई. मशीन आणली तं म्हणते, कानात भुंगा काहून सोडता. मास्तरले म्हाईत हाय सारं."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ही बातमी पोटात ठेवली. माझ्यासाठी हा विक्रमच.

"कमलाकांता, तिला ऐकू येत नाही."

"माहीत आहे."

"मग जातोस कशाला?"

त्याने डबा मांडीवर घट्ट धरला होता. "तिच्यासमोर वाचलं की कुठं थांबवलं असतं ते मला कळतं, भगवंता. पण एकदा तिनं स्वतः हात वर करावा रे. एकदाच." मग खिशातून पेन काढून त्याने आठव्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. धारणीकडच्या सागाच्या पानांची किडीने कशी जाळी होते, त्याचं वर्णन होतं. छान होतं. "दुसऱ्याच्या अहवालावरून लिहिलंय. मी पाहिलं नाही. उद्या धारणीची गाडी पकडतो."

सभेत मी उभा राहिलो. "बाई आहे. नाव पार्बताबाई. लेख तिच्यासमोर वाचला, मी तिथे होतो. आठवा परिच्छेद पास झाला नाही. संपादक धारणीला गेलेत, अंक आठ दिवस उशिरा निघेल."

"बाईंनी थांबवलं?" स्वानंदने विचारलं.

"तिच्याशिवाय त्याला कोण थांबवणार?" मी म्हणालो.

कलम राहिलं. विशेष अंकातही तिचं नाव छापलं गेलं. मी माझ्या मेहुण्याचं काढून घेतलं.

कमलाकांतचं अकोल्यात दुसरं घर नव्हतं. एक बहिरी बाई होती. तो तिला लेख वाचून दाखवायला जायचा.