भिंतीपलीकडचा रेडिओ

टेम्पो खाली उभा होता, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि आमचे अण्णा खोली झाडत होते. महिनाभरात चाळ पाडायची होती, तरी फरशी झाडत होते. मी म्हटलं, "अण्णा, आता कशाला?" तर म्हणाले, "घाण ठेवून जायचं नसतं." केर सुपलीत भरून बाहेरच्या डब्यात टाकला, दाराला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून बघितलं. शेजारच्या दारात सामंतकाका उभे होते. त्यांचंही सामान बांधून झालं होतं, ते कल्याणला मुलीकडे निघाले होते. चाळीसहून जास्त वर्षांचा शेजार. अण्णा म्हणाले, "येतो." काका म्हणाले, "या." एवढ्यावर दोघांनी आटोपलं.

माझं डोंबिवलीचं घर तसं लग्न झालं तेव्हाच सुटलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर रडले मी, पण खरं सांगू का, रिक्षात बसल्यावर थोडं हायसंही वाटलं. आता ठाण्याला माझ्या घरात मला हवा तेवढा वेळ रेडिओ लावता येणार होता.

चाळीतले तुम्ही सगळे आता बदलापूर, पुणे, कुणी थेट कॅनडाला. ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकता, अण्णा कसे आहेत विचारता, मी "बरे आहेत" लिहून मोकळी होते. ते बरे नव्हते. आणि तुम्ही सगळे त्यांना टरकून असायचात, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

आमच्याकडे रेडिओ का नव्हता हे तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. नववीत सहामाहीला मी गणितात नापास झाले. अण्णांनी प्रगतिपुस्तकावर सही केली, चहा पूर्ण प्यायले, रेडिओची वायर गुंडाळली आणि रेडिओ पिशवीत घालून खडवलीला आत्याकडे देऊन आले. "या घरात आता रेडिओ नाही," एवढंच म्हणाले. वार्षिक परीक्षेत मी गणितात चांगले मार्क मिळवले, दहावीही झाले, पण रेडिओ काही परत आला नाही. शब्द म्हणजे शब्द. आईने दोन-तीनदा विषय काढून पाहिला आणि सोडून दिला. माझ्या मनात मात्र ती गोष्ट राहिली. पुढे मला गाणं शिकायचं होतं, तेही मी कधी विचारलं नाही. रेडिओ चालत नाही तिथे गाण्याची शिकवणी कुठून चालणार.

मला वाचवलं ते सामंतकाकांनी. त्यांच्या आणि आमच्या खोलीतली भिंत एका विटेची. रेडिओ गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्याकडची गाणी एकदम स्वच्छ ऐकू यायला लागली. मला वाटलं काकांनी नवा रेडिओ घेतला. सकाळी वेणी घालताना, रविवारी डोक्यावरून न्हाऊन केस वाळवताना मी त्या भिंतीला पाठ लावून बसायची. आज मला जी जुनी गाणी पाठ आहेत ती सगळी अशी भिंतीतून गाळून आलेली आहेत. अण्णा रोज एकदा तरी "काय कटकट आहे ही" म्हणायचे आणि पेपर घेऊन त्याच भिंतीशी खुर्ची टाकायचे. आईने विचारलं तर म्हणायचे, "इथे उजेड बरा आहे."

तर आई गेल्यावर एकटे राहिलेले हे अण्णा आता ठाण्याला माझ्याकडे, वर्तकनगरला आले. त्यांना स्वतंत्र खोली दिली, खिडकीतून झाड दिसतं, लिफ्ट आहे, खाली बसायला बाक आहेत. बाकावर ते एकदाच गेले. पोळी अर्धी टाकायला लागले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. रोज संध्याकाळी विचारायचे, "डोंबिवलीला कधी सोडतेस?" चाळ पाडली हे त्यांना माहीत होतं. मी ग्रुपवर आलेला मोकळ्या प्लॉटचा फोटो दाखवला होता, तो त्यांनी चष्मा लावून नीट बघितला होता. तरी दुसऱ्या दिवशी प्रश्न तोच. माणूस माझ्यासमोर वाळत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

शनिवार-रविवार आमच्याकडे आळसाचे असतात. मी आणि नवरा उशिरा उठतो, खालून इडली आणतो, स्पीकर लावतो आणि दुपारपर्यंत जुनी गाणी. अण्णांनाही बरं वाटेल म्हणून पहिल्याच शनिवारी त्यांची खुर्ची हॉलमध्ये आणून त्यांच्यासमोर गाणी लावली. दुसऱ्या गाण्याला ते उठले. "बंद कर ते," म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्याच घरात मी पुन्हा नववीत. मला इतका राग आला की मी जेवायलाही नवऱ्याला पाठवलं त्यांना बोलवायला. मग आम्ही दोघं एकेक हेडफोन लावून बसायला लागलो.

असे दोन महिने गेले. शेवटी एका शनिवारी मी सामंतकाकांना फोन केला. म्हटलं, काका, तुम्ही इतकी वर्षं शेजारी राहिलात, ह्या माणसाला काय आवडतं ते तरी सांगा. गाणी लावली तरी चिडतात.

काका हसायला लागले. "अगं, समोर लावलीस तर चिडणारच. दिलेला शब्द मोडतो ना त्यांचा." मग म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तुमचा रेडिओ गेला, त्यानंतर आठेक दिवसांनी तुझे अण्णा आमच्याकडे आले. उभ्या उभ्याच बोलले. म्हणाले, 'सामंत, पोरगी घरात गुणगुणायची थांबली आहे. तुमचा रेडिओ खिडकीतून काढून आमच्या बाजूच्या फळीवर ठेवा. आणि तिला कळता कामा नये.' तेव्हापासून तो त्या फळीवरच होता. तुझ्या काकूला ओट्यापाशी ऐकू येईना म्हणून तिची वर्षभर भुणभुण."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग आठवलं, आमच्या चाळीच्या खोलीत उजेड यायचा तो दारातून. भिंतीपाशी कसला उजेड?

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णांच्या खोलीला लागून माझी खोली आहे. मी तिथलं कपाट रिकामं केलं, स्पीकर भिंतीकडे तोंड करून आत ठेवला, जरा मोठ्याने गाणी लावली आणि हॉलमध्ये येऊन वाटाणे सोलत बसले. नवरा म्हणाला, "हे काय नवीन?" म्हटलं, गप्प बस. तासाभराने चहा घेऊन अण्णांच्या खोलीत गेले. खुर्ची खिडकीपासून उचलून त्यांनी भिंतीशी लावली होती. पेपर मांडीवर उघडा होता. पाय तालावर हलत होता, मला बघून थांबला.

"काय अण्णा, आज इकडे?"

"इथे उजेड बरा आहे," ते म्हणाले.

"आहे खरा," म्हटलं, आणि चहा ठेवून बाहेर आले. इतकी वर्षं मला वाटायचं, अण्णांच्या घरातून गाणं गेलं म्हणून ते घर माझं राहिलं नाही. आता कळलं की सगळी गाणी त्या घरातूनच मिळाली होती, आणि ते घर प्लॉट मोकळा झाला तरी माझ्या शेजारच्या खोलीत येऊन बसलं आहे.

भिंतीपलीकडे माझीच खोली आहे हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे. सोमवारी संध्याकाळी त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता डोंबिवली. पण त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "हे शेजारचे रोज लावतात का गं, की फक्त रविवारी?"

"रोज लावतील," मी म्हटलं. "सांगून ठेवते त्यांना."