ह्यांना बाहेरचं लागलं तेव्हा

दत्तापुढे हात ठेवून ह्यांनी दारू सोडली, आणि सोडल्यावरच हे वेड्यासारखं करायला लागले. मग देवावर रागावू नको तर काय करू? वालूरच्या शाळेत कारकुनी, संध्याकाळी पेग ठरलेला, आणि वर ऐट अशी की आपण देशी घेत नाही, इंग्लिश घेतो, त्यानं काही होत नसतं. डोळे पिवळे झाले, पाय सुजले, तेव्हा घाबरून शपथ घेतली आणि पाळलीही. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या. दारूच सुटली, आता कशाला, म्हणून आम्ही त्या केल्याच नाहीत.

पुढे पुढे हे दिवसा झोपायचे आणि रात्री टक्क जागे असायचे. सदऱ्याची बटणं लावता येईनात. हात पुढे केले की पंजे आपोआप फडफडत. तोंडाला एक गोडसर, कुबट वास येई, दारूचा नव्हे, निराळाच. एकदा जेवताना दाराकडे पाहून म्हणाले, "दादा आलाय, त्याला बी वाढ." त्यांचे हे थोरले भाऊ दारूपायीच गेलेले. मी खरंच ताट वाढलं. का वाढलं, अजून सांगता येत नाही. हे त्या रिकाम्या पाटाशी हसून बोलत राहिले आणि मला मात्र विचारलं, "तुमी कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "दारू तर सोडली की यानं. हे बाहेरचं हाय. आरतीला नेऊ याला." आमच्याकडे नदीकाठच्या दत्ताच्या देवळात अशी झपाटलेली माणसं संध्याकाळच्या आरतीला आणतात. मीही निमूट निघाले.

घंटा सुरू झाल्या तशा बाया घुमू लागल्या. खांबापाशी एक बाई केस मोकळे सोडून किंचाळत होती. ती एकाएकी थांबली. सरळ आमच्याकडे आली, ह्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं, बोटानं पापणी वर केली. मग अगदी घरातल्या आवाजात मला म्हणाली, "याच्या अंगात कुणी न्हाई, बाई. याचं लिव्हर गेलंय. इथं काय करायलीस? दवाखान्यात ने, आत्ताच." एवढं बोलून ती खांबाकडे गेली आणि पुन्हा घुमू लागली. सासूबाई आरती संपेपर्यंत थांब म्हणत होत्या. ह्यांची मान माझ्या खांद्यावर पडली होती, हाक मारली तरी ओ देईनात. मी रिक्षा बोलावली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दारूनं लिव्हर निबर झालं होतं. रक्तातली घाण त्याला काढता येत नव्हती, आणि ती मेंदूवर चढली होती. दारू सोडली हे बरंच केलं, पण आधीचं नुकसान आत तसंच होतं. आणखी उशीर झाला असता तर हे शुद्धीवर आले नसते. ती घाण पोटावाटे निघावी म्हणून त्यांनी पोट साफ होण्याचं औषध सुरू केलं आणि दादा आले तसे निघून गेले. ज्या भुतासाठी नारळ आणला होता ते जुलाबानं उतरलं, हे सांगताना मला हसू येतं आणि लगेच रडूही. ह्यांनी डोळे उघडले, नीट पाहिलं, म्हणाले, "अगं, तू जेवलीस का?" औषध आता जन्मभर आहे. असू दे.

मग मी साडी-खण घेऊन त्या बाईकडे गेले. ती झरी गावची, भावासोबत देवळातच राहणारी. "मी कुठं बोलले, बाई? मला आरतीतलं काय बी याद राहत न्हाई." भाऊ म्हणाला, "हिला लिव्हर म्हंजे काय ते बी ठावं न्हाई." बाईनं माझं मनगट घट्ट धरलं. "तुमच्या मालकाला दवाखान्यात न्या म्हणाले मी? मग मला कसं कुणीच म्हणत न्हाई?"

मी देवाकडे पाहिलं, तो नेहमीसारखाच गप्प होता. मग मीच तिच्या भावाला म्हटलं, "दादा, हिला दवाखान्यात घेऊन चला. मी येते संगं." तो तयार झाला. आता दत्तापुढे उभी राहिले की मी काही मागत नाही, जाबही विचारत नाही. त्यानं त्या बाईच्या तोंडून बोलून माझं माणूस परत दिलं. असं बोलायला माझं तोंड त्याला कधी हवं झालं, तर ते त्याचंच आहे.