परक्या शर्टाचं बटण

टेलरमास्तरांना आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नव्हता जेवढा त्या रिटायर्ड बस ड्रायव्हरचा आला. आणि तो बिचारा तर चाकाच्या खुर्चीत!

झालं असं की मास्तरांच्या बायकोला झटका आला, उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले रिहॅब सेंटर, मास्तर म्हणाले घर, मी आहे की! पण लेक हटूनच बसली, म्हणून सेंटर. मास्तर रोज दुपारी दुकान बंद करून तिथे हजर. पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावायचे, केस विंचरायचे, चष्मासुद्धा तेच पुसायचे. फिजिओवाली पोरगी ओरडायची, "काका, त्यांचं त्यांना करू द्या ना!" मास्तरांना वाटायचं, हिला काय कळतंय नवराबायकोतलं.

एकदा ते जरा लवकर गेले. बघतात तर काय, तिथलाच पेशंट असलेला तो ड्रायव्हर नुसत्या बनियनवर बसलाय आणि आपली बायको त्याच्या शर्टाला बटण लावतेय! त्याच लुळ्या हाताने!

"वहिनी, टाका घसरला हां!"

"गप्प बसा, नाहीतर खिसाच शिवून टाकीन!" आणि ती खळखळून हसली.

मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड. लग्न झाल्यापासून दुकानातली सगळी काजं-बटणं हिचीच. पण गिऱ्हाईक असं समोर उघडं बसून? छे!

"आणा इकडे, मी लावतो."

"नको मास्तर, वहिनींच्या हातचंच पाहिजे," ड्रायव्हर दात काढत म्हणाला.

मास्तर बायकोकडे वळले. "उद्या घरी चल. खूप झालं."

"घरी काय करू?"

"काहीच करायचं नाही. मी आहे ना!"

"तेच तर! तुम्ही आलात की हा हात झोपतो. हा माणूस शर्ट फेकून मारतो माझ्या अंगावर, म्हणून हात उठतो तरी."

"म्हणजे माझ्यापेक्षा तो बरा?"

"हातापुरता, हो."

मास्तर तरातरा निघून गेले. रात्री जेवले पण नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले ते दुकानातले बिनबटणांचे शर्ट गाठोड्यात बांधून. तिच्या मांडीवर आदळले. "ही आपली गिऱ्हाइकं. आधी यांचं."

तिने सुई घेतली. दोरा काही केल्या आत जाईना. मास्तरांचा हात आपोआप पुढे गेला, तिने डोळे वटारले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. दोरा चुकला, परत चुकला, मास्तरांना नुसता घाम. शेवटी गेला एकदाचा.

"घरी कधी येशील गं?"

"तुम्हाला असं बसता यायला लागलं की."

तेवढ्यात ड्रायव्हर खुर्ची ढकलत आला, "वहिनी, बाहीचंही निघालंय बघा!"

मास्तर उठले, आपली खुर्ची उचलून दोघांच्या बरोबर मध्ये ठेवली आणि पाय पसरून बसले.

"नंबर लावा," ते म्हणाले.