बत्तीसशेचा आकडा

“अण्णा, आकडा परत खाली आलाय. दसऱ्यापास्नं असंच हाय.”

रेश्माचा हा तिसरा फोन. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ती डिझायनर. लोखंडाचा रस साच्यात कसा भरेल, हे ती आधी कॉम्प्युटरवर करून बघते. त्याला सिम्युलेशन म्हणतात. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो; त्यासाठी नवी रॅम मीच बसवली होती. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचं कामाचं टेबल. त्या टेबलावरचा माल किती वेगानं उचलता येईल, ते बॉक्सवर छापलेलं असतं. या रॅमचा वेग बत्तीसशे. पण तो आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या मूळ मेनूत, जाऊन एक सेटिंग चालू करावं लागतं. मी केलं होतं. आता स्क्रीनवर एकवीसशे तेहतीस दिसत होतं.

“आक्का, मशिन चालू हाय न्हवं? मग आकडा कशाला बघत बसताय?” असं म्हणून मी आधी दोनदा फोन ठेवला होता. या वेळी तिनं फोन ठेवू दिला नाही. “आप्पा म्हणाल्यात, उद्यापास्नं हे काम कोल्हापूरला देतो. मग मी हितं काय करू?”

गेलो.

आप्पा, म्हणजे मालक, दारातच भेटले. “पार्ट नवं, आन् काम जुन्याच चालीचं. पोरगीच संथ हाय.” रेश्मा खाली बघत होती. मला राग आला. थोडा आप्पांचा, जास्त माझाच.

सेटिंग पुन्हा चालू केलं. मशिन दोनदा बंद-चालू झालं आणि परत एकवीसशेवर. वेग झेपला नाही की मदरबोर्ड स्वतःच तो खाली आणतो. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक लावून बघितली. एका स्लॉटमध्ये, म्हणजे पट्टी बसते त्या खाचेत, दोन्ही बत्तीसशेनं पळाल्या. दुसऱ्यात दोन्ही अडल्या. म्हणजे पट्ट्या चांगल्या, खोट स्लॉटमध्ये. टॉर्च मारला. तळाशी लाल काहीतरी वाळून बसलं होतं.

“आप्पा, खंडेनवमीला ह्याची पूजा कुणी केली?”

“मीच की! दार काढून आतनं केली. लेथला लावतोय, ड्रिलला लावतोय, मग ह्येनं काय घोडं मारलंय?”

ओलं कुंकू पट्टीवरून ओघळून स्लॉटमध्ये उतरलं होतं. हळू चालताना तेवढा संपर्क पुरत होता, वेगात पुरत नव्हता. स्पिरिट आणि मऊ ब्रशनं स्लॉट साफ केला, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. बत्तीसशे!

रेश्मानं लगेच सिम्युलेशन लावलं. काम सुटायच्या आत रिपोर्ट आप्पांच्या टेबलावर होता. त्यांनी तो शेवटच्या पानापर्यंत चाळला. “कोल्हापूरचं ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाले.

निघताना मी म्हटलं, “आक्का, चुकलं माझं.”

“दसऱ्यापास्नं म्हणून पहिल्याच फोनला सांगितलं हुतं की, अण्णा.”

खरंच सांगितलं होतं. काय अक्कल माझी! तेव्हापासून गिऱ्हाईक ‘कधीपासून’ ते सांगायला लागलं की मी मधे बोलत नाही.

पुढच्या खंडेनवमीला आप्पांनी मलाही बोलावलं. कुंकवाचं ताट त्यांनी रेश्माच्या हातात दिलं. तिनं आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या दाराचे स्क्रू आवळून बघितले, मग कुंकवाचं बोट बाहेरूनच टेकवलं.