मेरेवरचा पाला

“कासवाला काय, चार पानं टाकली की झालं,” असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणारा पाहुणा असो, पोस्टमन असो की शेजारची बाई. मी शाळेत छत्तीस वर्षं काढली, तेव्हा माझा आवाज कसा आहे ते कोरगावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कासवं आल्यापासून तो जास्तच चढला, हे मलाही कबूल आहे.

कासवं माझी नव्हती. मुलीनं फोंड्याच्या फ्लॅटमध्ये पाळलेली. आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली ही जात. आपली देशी कासवं पाळणं गुन्हा, पण ह्यांची वनखात्याकडे रीतसर नोंद केली की चालतं. बशीएवढी होती तोवर गॅलरीत मावली. परातीएवढी झाली तेव्हा मुलीला आठवलं की आईकडे परसू आहे. जावयानं गाडीतून आणून सोडली आणि सोबत सुक्या खाद्याची दोन पाकिटं दिली. कासवं दोन, एक मोठं, एक लहान. मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणू लागले. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात कुणी हलणारं-चालणारं आलं म्हणून मनातल्या मनात मी खूष झाले, पण मुलीवर मात्र फोनवर ओरडले.

पाकिटं आठवड्यात संपली. मग मी मुलीकडून आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडून ह्यांनी काय खायचं ते समजून घेतलं. मुख्य म्हणजे गवत. त्याच्या जोडीला रानपाला आणि फुलं. फळं नकोत, भात नको, पाव तर नकोच. मी दोन जुन्या वह्या काढल्या. एकीवर ‘चालेल’ लिहिलं, दुसरीवर ‘नको’. पान मिळालं की वाळवायचं, चिकटपट्टीनं वहीत लावायचं, खाली नाव आणि कारण. ‘चालेल’मध्ये हराळी, केना, एकदांडी, जास्वंदीची पानं नि फुलं, तुतीचा पाला. ‘नको’मध्ये कण्हेर, रुई, घाणेरी, धोतरा, एरंड. पुढे एकेका शब्दाचं कारण: चीक, विष, खाज.

गावाला ह्या वह्यांची फार मजा वाटायची. आम्ही श्रावणात तेऱ्याची भाजी आवडीनं खातो, म्हणून एक बाई टोपलीभर तेरं घेऊन आली. तेरं म्हणजे रानअळूच. आपण त्यात आंबट घालून तासभर शिजवतो म्हणून घसा वाचतो. कासवाला कोण शिजवून घालणार? तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, जनावराला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेला उंडो पाव कुणीतरी परसातल्या कासवांच्या कुंपणावरून आत टाकला. तिसरी तऱ्हा भाविकांची. देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण पुढे जातो. इथे तर जिवंत कासव! बायका हळदकुंकू घेऊन आल्या. थोरल्याच्या पाठीवर कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. तो झेंडू बाजारातला, कीड लागू नये म्हणून त्याच्यावर काय काय मारलेलं असतं ते देवच जाणे. मी पाठ धुतली, फूल फेकलं आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावलं. बायका चार दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

पाला आणायचा कुठून, हा खरा प्रश्न होता. रस्त्याच्या कडेला भरपूर उगवतो, पण आमच्या पेडणे तालुक्यात आज धड राहिलेला रस्ता दाखवा. रुंदीकरण चालू, डंपर चालू, पानावर बोट फिरवलं तर बोट लाल होतं. नव्या बंगल्यांच्या कुंपणांना माळी फवारा मारतात. कुणाच्या मालकीचं काय नि कोण कुठे काय ओततोय, कळायला मार्ग नाही. ज्या गावात लहानपणी आम्ही दिसेल ते पान चघळत शाळेत गेलो, त्या गावात दोन कासवांना पोटभर स्वच्छ हिरवं मिळू नये, ह्याचा मला संताप यायचा. आजही येतो. सगळीकडे हिरवंगार दिसतं आणि त्यातलं हातात घ्यावं असं वितभर नसतं.

शेवटी एकच जागा उरली. आमच्या काजूच्या उताराखाली, झरीला जाताना शेताची मेर आहे. मेर म्हणजे बांधच, पण रुंद, दोन माणसं शेजारून चालतील एवढा. तिथे केना आणि हराळी गुडघाभर. घरची जमीन, रस्त्यापासून लांब. ती जमीन भावजी बघायचे. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. घराच्या दुसऱ्या भागात राहतात, काजू, शेत, माड सगळं तेच करतात. मी रोज सकाळी सातला टोपली घेऊन जायचे, वाकून एकेक जुडी खुडायचे. भावजी काजूंतून हाक मारून सांगायचे, वयनी, आज खालच्या अंगाला जाऊ नका, चिखल आहे. किंवा वरच्या झाडांवर फवारा मारलाय, तिकडचं काढू नका. मीही ओरडून बरं म्हणायचे. ह्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग चवथ आली. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात: लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, वेली लटकवतात. भावजींची माटोळी गावात नावाजलेली. त्यासाठी ते आठ दिवस रान धुंडाळतात. जे कुणाला मिळत नाही ते त्यांना मिळतं. त्या वर्षी त्यांनी कळलावीची फुलं आणली होती, लाल-पिवळी, आगीसारखी. आरतीला आलेला प्रत्येक जण मान वर करून बघत होता. मीही बघितली, छान म्हणाले.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर फाटकाचं कुलूप काढलेलं, आणि भावजी कुंपणात उकिडवे बसून माटोळी सोडताहेत. देवाच्या डोक्यावरचं आहे, वाटेल तिथे टाकण्यापेक्षा ह्या देवाच्याच पोटात जाऊ दे, असा त्यांचा हिशेब. चेहऱ्यावर केवढं समाधान. आणि धाकट्याच्या तोंडात कळलावीचं फूल.

कळलावी म्हणजे कंदापासून फुलापर्यंत विष. मी धावले, धाकट्याचा जबडा दोन बोटांनी दाबून फूल ओढून काढलं. एक पाकळी तुटली होती, तीही बोट घालून काढली. ते पोटात गेलं नव्हतं. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी उठले आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या असलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर भावजींना म्हटलं, “ह्या घरातली अक्कल तुमच्या भावावांगडा सरणावर गेली.”

भावजींनी राहिलेली माटोळी गोळा केली, एकेक पान, कुंपणाच्या कोपऱ्यात पडलेलंसुद्धा, आणि फाटक लावून निघून गेले.

मी बरोबर होते. हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. कासव वाचलं ते मी धावले म्हणून. पण फूल काढून झाल्यावर मी जे बोलले ते कासवासाठी नव्हतं. रान एवढं ओळखणारा माणूस असं करतो, ह्याचा राग होता. हे गेले आणि हा राहिला, असलाही काहीतरी घाणेरडा राग त्यात असावा. तो कुठून आला मला माहीत नाही, पण आला खरा.

त्यानंतर मी भावजींशी बोलणं टाकलं. त्यांनी दसऱ्याला सोनं दिलं, मी हातात न घेता खांबाजवळ ठेवा म्हणून खूण केली. माडावरून नारळ उतरवले की चार नारळ माझ्या पायरीवर असायचे. मी दोन दिवस तसेच ठेवायचे आणि मग उचलायचे. सकाळी मी मेरेवर जायचे तेव्हा ते काजूंत दिसायचे. हाक यायची बंद झाली होती. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मी सोप्यावर बसून वहीत तुतीचं पान चिकटवत होते. पायरीवर चपलांचा आवाज झाला. घराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाची चाल ओळखायला मान वर करावी लागत नाही. मी केलीही नाही. उलट खुर्ची थोडी वळवून घेतली, पाठ नीट त्यांच्याकडे होईल अशी. आवाज थोडा वेळ थांबला आणि परत गेला. खरं सांगते, मला आतून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेवरचा पाला ओला होता. थंडी पडू लागली होती, दव असणारच. मी केना खुडला, वरून थोडी हराळी घेतली. घरी येऊन पसरलं. थोरलं उन्हाची वाट बघत पडून राहिलं. धाकटं केन्यावर तुटून पडलं, त्याला केना फार आवडायचा. निळी फुलं आधी वेचून खायचं, मग पानं.

संध्याकाळपर्यंत धाकट्यानं मान आत घेतली. दुसऱ्या दिवशी तोंडाला फेस. जावई येईतो मी थांबले नाही, भाड्याची गाडी केली आणि त्याला टोपलीत घालून डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं विचारलं काय खायला दिलं. मी सांगितलं, घरच्या मेरेवरचा पाला, दुसरं काही नाही, माझ्यासारखं निवडून कुणी देत नाही. एवढं सांगताना माझी मान ताठ होती. बाई म्हणाली, फवारलेलं असेल. मी तिच्यावर चिडले. अशक्य, म्हटलं. तिनं सुई दिली, पाणी पाजलं. थोरल्यालाही तपासून घ्या म्हणाली. थोरलं जरा मलूल झालं होतं, ते सावरलं. धाकटं तिसऱ्या दिवशी गेलं. कासव गेलेलं चटकन कळत नाही. मी दुपारपर्यंत त्याला उन्हात ठेवून बसले होते.

मुलीला फोन केला. ती रडली, मी ओरडले, का ओरडले ते आठवत नाही.

चार-पाच दिवस मी मेरेवर गेले नाही. थोरल्याला जास्वंदीवर ठेवलं होतं. मग एका सकाळी गेले आणि वाटेतच थांबले. मेर पिवळी पडली होती. सगळी नाही. आमच्या पायऱ्यांपासून झरीपर्यंत एक सरळ पट्टा, माझ्या चालण्याच्या वाटेएवढा रुंद, बरोबर मी जिथे वाकते तिथला. दोन्ही बाजूंना सगळं हिरवंगार.

तणनाशक मारल्यावर पाला काही दिवस ताजाच दिसतो, हे मला माहीत होतं. माझ्या वहीतसुद्धा लिहिलेलं होतं. त्यात काजूवरची कीड मारायचं औषध ज्या पंपानं मारतात तोच पंप. नेमकं कशानं गेलं ते डॉक्टरीणबाईलाही नंतर सांगता आलं नाही.

मी तशीच भावजींच्या खळ्यात गेले. जाताना सगळी वाक्यं तयार होती, आणि ती चवथीच्या वाक्यापेक्षा वाईट होती. भावजी कोयती घासत बसले होते. मी म्हटलं, मेरेवर तुम्ही मारलं? दोन महिन्यांनी मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

ते उठून उभे राहिले. धाकटं गेल्याचं त्यांना कळलं होतं, तोंडावरूनच दिसत होतं.

“थंय फुरसा दिसला,” ते म्हणाले. “तुमी रोज सकाळी थंय वाकतात. म्हणान औषध मारलां.”

मी म्हटलं, मग सांगायचं नाही?

“सांगूक इल्लंय, वयनी. तुमच्या पायरीर उबो रवलंय. तुमी पाठ केलात. मागीर परत गेलंय.”

सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला भांडता आलं असतं. मी वळले आणि घरी आले.

राग गेला असं नाही. त्यांनी घराबाहेरून ओरडून तरी सांगायचं होतं. चिठ्ठी टाकायची होती, त्यांच्या सुनेला पाठवायचं होतं. फुरशासारखा विषारी साप दिसला तर गवत कापायचं होतं, विष कशाला? हे सगळं मी अजून मनात भांडते, आणि जवळजवळ सगळं बरोबर भांडते. रस्त्यावर, फवाऱ्यावर, झेंडूवर, मुलीवर, सगळ्यांवर राग आहे. पण फिरून फिरून मी त्या संध्याकाळी सोप्यावरची खुर्ची वळवते आहे, तिथेच येते.

त्या दिवशी दुपारी मी मेरेवर परत गेले आणि पिवळ्या पट्ट्यातला केना उपटून आणला. वाळवायची गरज नव्हती. ‘चालेल’च्या वहीत केना पहिल्याच पानावर होता, निळ्या फुलासकट. मी ‘नको’ची वही उघडली आणि हा त्यात लावला. खाली नाव लिहिलं. कारणासमोर विष लिहायला घेतलं आणि खोडलं. त्या ओळीत माझ्या नेहमीच्या एका शब्दानं भागत नव्हतं. मग लिहिलं: भावजी सांगायला आले होते.