एका नावाची खोली

रविवार कारंज्याजवळ जिन्याखाली गोरक्षचं ऑफिस होतं. पाटीवर 'देश-विदेश सहली' असं लिहिलेलं. त्यातला विदेश पाटीपुरता. एरवी तो वणीच्या गाड्या भरायचा. वीस वर्षांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता: धर्मशाळेत खोली एकाच्या नावानं घ्यावी आणि चौघांनी निजावं. मॅनेजरला ते ठाऊक असतं, त्याला ठाऊक आहे हे यात्रेकरूंना ठाऊक असतं आणि सगळ्यांना झोप चांगली लागते.

१९९८च्या ऑगस्टात इगतपुरीहून सावळीराम आणि बयाबाई त्याच्याकडे आले. सावळीराम रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला. त्यांचा रविराज अंबडच्या एका कारखान्यातर्फे मशीनचं काम शिकायला जपानला गेला होता. तिथं सायकलवरून जाताना ट्रकनं उडवला. दवाखान्यात होता, पण शुद्धीवर नव्हता. कारखान्यानं दोघांची तिकिटं काढली आणि राहण्याचं तुमचं तुम्ही बघा, असं फार अदबीनं कळवलं. व्हिसाच्या कागदांत मात्र राहण्याच्या ठिकाणाचं पत्र लागत होतं.

"हॉटेल नको शेठ," सावळीराम म्हणाला. "एका रातीत महिन्याची पेन्शन जायची. आन हिची कंबर गेलेली, खाटंवर चढवत नाय."

"भुईवर निजायला मिळंल आसं बघा, भाऊ," बयाबाई म्हणाली.

"मावशी, जपान आहे ते, घोटी नाही."

पण मुंबईहून मागवलेल्या माहितीपुस्तकात तसंच निघालं. जुन्या वळणाची, घरगुती मुक्कामाची ठिकाणं. खोलीत गवती चटया, त्यांवर रात्री गादी घालायची, सकाळी गुंडाळून कपाटात ठेवायची. स्वस्तही होती. गोरक्ष हरखला. सगळं आपल्यासारखंच आहे म्हटल्यावर बाकीच्या चालीही आपल्यासारख्याच असणार, असं त्यानं धरून टाकलं.

त्यानं पाच ठिकाणी फॅक्स केले. चार वाया गेले. पाचवी जागा एका विधवा बाईची होती, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. तिचं पत्र आलं: सावळीराम, एक पाहुणा, वीस दिवस, स्वागत आहे.

"यात हिचं नाव नाय," सावळीराम म्हणाला.

"मुद्दाम नाही टाकलं, बाबा. तिकडे डोईमागे दर लावतात, दोन नावं म्हणजे दुप्पट. पोचल्यावर मावशींना आत घ्यायचं. म्हातारी बाई, कोण हाकलतंय?"

"बघा हां, शेठ."

"वीस वर्षं हेच करतोय."

मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर सावळीरामचे कागद घेतले, बयाबाईचे परत दिले. या बाई राहणार कुठे? प्रश्न रास्त होता. बयाबाईनंच नवऱ्याला पुढं धाडलं. "पोराजवळ कोन तरी पायजे. मी येते मागून."

गोरक्षनं दुसऱ्या नावासाठी त्याच दिवशी फॅक्स केला. उत्तर यायला पाच दिवस गेले. तिकडे पितरांचा सण होता. घर बंद करून बाई थडगी धुवायला गावी गेली होती. परतल्यावर तिनं उशिराबद्दल तीनदा माफी मागून पत्र पाठवलं. बयाबाईचा व्हिसा झाला तो गुरुवारी. रविराज बुधवारी गेला.

महिन्याभरानं सावळीराम एकटाच ऑफिसात आला. अस्थी गंगेवर सोडून झाल्या होत्या. चहा नको म्हणाला.

"शेठ, खोली लय मोठी व्हती. दहा मानसं निजली आसती. ती बाई रोज खुणेनं इचारायची, मालकीनबाई कवा येणार? गादी घालायची का?"

गोरक्ष माहितीपुस्तक खणात सरकवू लागला.

"घरी म्या सांगितलंय, खोली लहान व्हती. हिला नसतंच घेतलं आत. तुमी बी तसंच सांगा."

आठवड्यानं बयाबाई आली. जिन्याखाली वाकून, कंबर धरून उभी राहिली. बसली नाही.

"भाऊ, कागद तुमीच केलता. खरं सांगा. खोली एकाचीच व्हती?"

गिऱ्हाइकाला थाप मारताना गोरक्षची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती. आताही नाही अडखळली.

"एकाचीच, मावशी. पाय पसरायला जागा नव्हती."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचंच काय तरी चुकलं."