गणपतीखालचे भोपळे

गेल्या गणेश चतुर्थीला सकाळी, पेणहून रोह्याला येताना, माझ्या पत्नीचा व्हिडिओ गेम आमच्या गणपतीच्या पोटात होता. तो तिथे मी ठेवला होता.

हातात मावणारा हा गेम लेकीने वसुधाला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दिला. त्यात गाड्यांच्या शर्यती होत्या, राक्षस मारणं होतं आणि शेती होती. वसुधाने शेती निवडली. (रोह्याला आमची खरी भातशेती आहे. तिच्या बांधावर ती एकदाच गेली, तेही फोटोपुरती.) या खेळात दिवस खऱ्या घड्याळाप्रमाणे सरतात आणि पीक वेळेत काढलं नाही तर सडतं. तिचे भोपळे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायचे होते.

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यातून निघताना पाऊस भुरभुरत होता.

"अहो, हा धरा. मी पिशव्या घेते," वसुधा म्हणाली.

कारागीर मूर्ती पाटावर ठेवत होता. शाडूची मूर्ती खालून पोकळ असते. मी गेम पाटावर ठेवला आणि त्यावर मूर्ती बसवून घेतली. ना पाऊस, ना धक्का!

"काका, इसराल हां!" कारागीर म्हणाला.

"मी पेपरात बातमीदार होतो. तपशील विसरत नाही."

रोह्याला दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरी गुरुजी आमच्या आधी हजर होते. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली आणि पहिला मोदक तोंडात घालताना मला तपशील आठवला!

"अहो, माझा गेम?" वसुधाने विचारलं.

"सुरक्षित आहे." (हे विधान त्या क्षणी खरं होतं.)

मी दादांना स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, गणपती जरासा उचलता येईल?"

"येडा हायस काय? उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचा नाय!"

मी गुरुजींकडे गेलो. "थोडासाच उचलला तर?"

"मी प्रतिष्ठा थोडीशीच केली होती का?"

तेवढ्यात वहिनींना उत्साह आला. "वसुधा, यंदा दीड दिवसाचा नको गो. पाच दिवस ठेवू या!"

"नाही!" मी ओरडलो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देव जड झाला व्हय तुम्हाला?"

वसुधाने माझा चेहरा वाचला. "गेम कुठाय?"

मी मखराकडे बोट दाखवलं. तिने बोटांवर तास मोजले. मग वहिनींना म्हणाली, "दीड दिवसच बरा. आपली रीत मोडायला नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. गुरुजींनी अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली. दादांनी उचलली. मी पालथा पडून मखरात हात घातला आणि गेम बाहेर काढला. वसुधाने तो पदराने पुसला आणि कोपऱ्यात बसून आम्ही "मोरया!" म्हणेपर्यंत शेत मोकळं केलं.

"एकपण सडला नाही हो!"

"राखण कोण करत होतं?" दादा म्हणाले.

मला इतकं हलकं वाटलं की मूर्ती नदीत नेण्याचा मान मी मागून घेतला. छातीभर पाण्यात गेलो. बाप्पाला तीन वेळा बुडवलं आणि प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर मीही बुडी मारली. माझा मोबाइल लेंग्याच्या खिशात होता.

तो दुरुस्त होणार नसल्याचं रोह्याच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी कळवलं. वसुधाच्या फोनवर.